केरसुणी आणि विवेक

परदेशांतून परत आलेल्या मनुष्याच्या बोलण्यांत बहुधा दोहोंपैकीं एक अतिरेक आढळतो. तेथील सर्व कांहीं उत्तम आणि आपल्याकडील सर्व कांहीं त्याज्य, असा तरी त्याचा ग्रह झालेला असतो. किंवा तेथील सारें वरपांगी व खरी संस्कृति काय ती आपलीच, असें म्हणून तो आपल्या मनाचें समाधान करून घेतो. या दोन्ही वृत्ति विचाराचा आळस झांकण्याच्या आहेत. परक्या समाजाची एखादी संस्था पाहिल्यावर ती चांगली कीं वाईट, एवढेंच विचारून भागत नाहीं. एखादा गुण पदरांत पाडून घेण्यासाठीं त्या समाजानें काय गमावलें आहे, आणि तें न गमावतां तो गुण आपणांस मिळवितां येईल काय, हें विचारलें पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या एका योजनेखालीं आम्हांस जपानांतील ओकायामा प्रांतांत दहा महिने राहण्याचा योग आला. एका जपानी कुटुंबांत राहावयाचें आणि तेथील मुलांबरोबर उच्च माध्यमिक शाळेंत जावयाचें, असा तो क्रम होता. जपानचीं यंत्रें, जपानच्या आगगाड्यांचा वक्तशीरपणा, यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें लक्ष वेधून घेतलें तें एका अगदीं सामान्य दिसणाऱ्या गोष्टीनें. त्या शाळेंत रोज केर काढला जाई, आणि तो विद्यार्थी काढीत. या एका गोष्टीच्या मागोमाग जे विचार मनांत आले ते नीतिशास्त्राच्या एका जुन्या प्रश्नाशीं जाऊन भिडतात, म्हणून येथें मांडीत आहों.

प्रथम ती चाल काय आहे तें सांगितलें पाहिजे. शाळेच्या दाराशीं प्रत्येक विद्यार्थ्याच्या नांवाचा एक खण असतो. रस्त्यावरचे जोडे तेथें काढून आंत वापरावयाचे हलके जोडे घालावयाचे, मगच पुढें जावयाचें. दिवसाचे तास संपत आले कीं घंटा होते. मुलें खुर्च्या उलट्या करून मेजांवर ठेवतात आणि मेजें वर्गाच्या एका बाजूस सारतात. कोणी झाडतो, कोणी फळा पुसतो, कोणी बादलींत फडकें पिळून भुई पुसतो. हीं फडकीं जुन्या टॉवेलाचीं शिवलेलीं असतात व पुष्कळदां मुलांनीं घरून आणलेलीं असतात. वर्ग, जिने, लांब पडव्या, पुष्कळ शाळांतून शौचकूपहि, यांची वांटणी मुलांच्या लहान तुकड्यांत केलेली असते आणि ती ठराविक दिवसांनीं फिरते. आज जो जिना झाडतो तो पुढील आठवड्यांत मोरी धुतो. शिक्षकहि हातांत फडकें घेतात. शाळेस नोकर मुळींच नसतात असें नव्हे; नळ, दिवे, झाडें यांची देखभाल करणारा मनुष्य असतो. परंतु मुलांनीं केलेला केर मुलांनींच काढावा, याबद्दल कोणाच्याहि मनांत संशय नसतो. पंधरावीस मिनिटांत सर्व आटोपतें. त्यांत भाषण नसतें, शाबासकी नसते, छायाचित्र काढणें नसतें.

आम्ही ज्या घरीं राहत होतों तेथील धाकटी मुलगी प्राथमिक शाळेंत होती. तिच्या शाळेंत एक दिवस पाहुणे म्हणून जातां आलें. जेवणाच्या वेळीं सात-आठ वर्षांचीं पांचसहा मुलें पांढरे झगे व टोप्या घालून, तोंडावर पट्टी बांधून, भाताचीं व कढणाचीं मोठालीं पातेलीं स्वयंपाकघरांतून वर्गांत घेऊन आलीं आणि त्यांनीं सर्वांना वाढलें. शिक्षकानें तेंच अन्न त्याच वर्गांत बसून घेतलें. शाळेंतील भोजनाची ही प्रथा यामागाता प्रांतांतील त्सुरुओका येथें १८८९ सालीं सुरू झाली; एका देवळांत चालणाऱ्या शाळेंत गरीब मुलांना फुकट जेवण देण्यापासून तिचा आरंभ झाला असें सांगतात. १९५४ सालीं तिला कायद्याचें रूप मिळालें. गरिबांसाठीं निघालेली गोष्ट सर्वांसाठीं झाली, आणि सर्वांनीं सर्वांना वाढावयाचें ठरलें, म्हणून तींतील दानाचा वास निघून गेला. आज कोण वाढतो आणि उद्यां कोण, एवढाच भेद तेथें उरला आहे.

हें सर्व पाहून आपल्याकडील मनुष्याच्या मनांत पहिला विचार येतो तो असा कीं, या लोकांचा स्वभावच स्वच्छतेचा. हा विचार सोयीचा आहे, कारण गोष्ट स्वभावाची ठरली म्हणजे आपल्याला कांहीं करावयाचें उरत नाहीं. परंतु तेथील मुलें आपल्या मुलांहून निराळ्या मातीचीं घडलेलीं नाहींत. पाण्याची बादली सांडून देणारीं, केरसुणीची तलवार करून लढणारीं, पाठ फिरतांच कोपरा न झाडतां सोडून देणारीं मुलें आम्हीं तेथेंहि पुष्कळ पाहिलीं. भेद मुलांत नाहीं, व्यवस्थेंत आहे. वर्गांत कागदाचा कपटा टाकतांना तो सायंकाळीं आपणांस किंवा आपल्या शेजाऱ्याला उचलावयाचा आहे हें ज्याला ठाऊक असतें, त्याचा हात आपोआप थबकतो. आपल्याकडे तो कपटा उचलणारा निराळा, टाकणारा निराळा. त्या दोघांची कधीं गांठ पडत नाहीं. शाळेंत मुलाला केर काढावयास लावलें तर तें बहुधा शिक्षा म्हणून. किंवा वर्षांतून एक दिवस, २ ऑक्टोबरला, पाहुण्यांच्या देखत. शिक्षा म्हणून केलेलें काम मनुष्याला त्या कामाचा तिरस्कार शिकवितें आणि समारंभ म्हणून केलेलें काम ढोंग शिकवितें.

आतां ज्या जुन्या प्रश्नाचा वर उल्लेख केला त्याकडे वळूं. शाळेंत झाडण्यापुसण्याच्या या चालीच्या पाठीमागें दोन परंपरा उभ्या आहेत. एक बौद्ध मठांची. झेन पंथांत अंगण झाडणें हें ध्यानाइतकेंच साधनेचें अंग समजतात. दुसरी कन्फ्यूशियसची. त्याच्या संवादांच्या ग्रंथांत त्याच्या दोन शिष्यांमधील एक वाद नमूद आहे. त्झू-यू म्हणतो कीं, त्झू-श्याचे विद्यार्थी सडा घालणें, झाडणें, आल्यागेल्याला उत्तर देणें, यांत तरबेज आहेत. पण या साऱ्या फांद्या झाल्या, मूळ त्यांच्याजवळ कोठें आहे? त्यावर त्झू-श्या उत्तर देतो त्याचा आशय असा कीं, आधीं काय शिकवावें आणि मागून काय, हें कोणी ठरवावें? रोपें निरनिराळ्या जातींचीं असतात. आरंभ व शेवट दोन्ही एकदम हातीं येणें हें एखाद्या सत्पुरुषालाच साधतें.

या दोघांपैकीं खरें कोणाचें? ओकायामा प्रांतांतच शिझुतानी नांवाची एक जुनी शाळा आहे. इकेदा मित्सुमासा या दाइम्योनें ती १६७० सालीं स्थापिली, आणि सरदारांच्या मुलांबरोबर शेतकऱ्यांच्या मुलांनाहि तिचें दार मोकळें ठेविलें. १७०१ सालीं पुरें झालेलें तिचें व्याख्यानगृह अद्यापि उभें आहे. त्यावर बिझेनच्या भट्ट्यांतील तांबूस कौलें आहेत, आणि त्याची लांकडी भुई इतकी लखलखीत आहे कीं तींत खिडक्यांचें प्रतिबिंब पडतें. आजहि आसपासच्या शाळांचीं मुलें तेथें गुडघे मोडून बसतात आणि कन्फ्यूशियसचीं वचनें एका सुरांत म्हणतात. त्या भुईकडे पाहिल्यावर त्झू-श्याची बाजू घ्यावीशी वाटते. शील ही व्याख्यानानें उत्पन्न होणारी वस्तु नाहीं. दया करावी, समता बाळगावी, श्रमाला मान द्यावा, हे सिद्धांत आपल्या पाठ्यपुस्तकांतून काय थोडे आहेत? पण जो हात कधीं खालीं वांकला नाहीं, त्याला समता हा शब्द केवळ परीक्षेंतील उत्तरापुरता कळतो. ॲरिस्टॉटलनेंहि हेंच सांगितलें कीं, न्यायाचीं कृत्यें करूनच मनुष्य न्यायी होतो. वीणा वाजवूनच वादक होतो. मुलाच्या बुद्धीला अहंकार म्हणजे काय तें समजण्याच्या आधींच रोज पंधरा मिनिटें त्याचे गुडघे भुईला लागले, तर त्या अहंकाराचें मूळच कांहींसें ढिलें होतें. फांद्यांची जोपासना करतां करतां मूळ खोल जातें, असा हा पक्ष आहे आणि तो बळकट आहे.

परंतु त्झू-यूची शंका एवढ्यानें मिटत नाहीं. जपानच्याच इतिहासानें ती जिवंत ठेविली आहे. १८७२ सालच्या शिक्षणविषयक आज्ञेनें त्या देशांत सार्वत्रिक शाळांचा पाया घातला. पुढें १८९० सालीं शिक्षणासंबंधीं बादशाही आज्ञापत्र निघालें. त्यांत आईबापांची भक्ति, भावंडांचें प्रेम, मित्रांशीं सचोटी असे कोणालाहि मान्य होणारे गुण सांगितले होते आणि प्रसंग पडतांच राज्यासाठीं प्राण वेंचावा असेंहि सांगितलें होतें. त्या आज्ञापत्राची प्रत व बादशहाची तसबीर शाळेंतून देवाप्रमाणें जपून ठेवीत. समारंभाच्या दिवशीं मुख्याध्यापक तें वाचीत आणि मुलें मान खालीं घालून ऐकत. ज्या मुलांना नियमानें वांकण्याची सवय लागली होती, तींच मुलें तितक्याच नियमानें तेथेंहि वांकलीं. आणि मोठीं झाल्यावर त्यांतील असंख्य मुलें चीनमध्यें व पॅसिफिक महासागराच्या बेटांवर मारण्यास व मरण्यास गेलीं. आज्ञा न्यायाची आहे कीं नाहीं हें विचारण्याची सवय त्यांना कोणी लावली नव्हती. पराभवानंतर १९४७ सालीं व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उच्चार करणारा नवा मूलभूत शिक्षणकायदा झाला, आणि १९४८ सालीं पार्लमेंटाच्या दोन्ही सभागृहांनीं ठराव करून तें आज्ञापत्र मोडीत काढलें. केरसुणी मात्र दोन्ही काळांत तीच होती. सवय ही बैलासारखी आहे. नांगराला जुंपा, गाडीला जुंपा, ती ओढीत राहते. गाडी कोठें चालली आहे हें तिला ठाऊक नसतें.

तो काळ गेला, असें म्हणून हा विषय बाजूस सारतां येत नाहीं. ओसाका प्रांतांतील एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेच्या विद्यार्थिनीनें २०१७ सालीं न्यायालयांत दाद मागितली. आपले केस जन्मतःच पिंगट असतां ते काळे रंगविण्याची सक्ति वारंवार केली गेली, असें तिचें म्हणणें होतें. २०२१ सालीं निकाल लागला. केसांविषयींचा नियम किंवा त्याची अंमलबजावणी न्यायालयानें बेकायदा ठरविली नाहीं. परंतु ती शाळेंत येईनाशी झाल्यावर तिचें नांव वर्गाच्या यादींतून व तिची जागा वर्गांतून काढून टाकली, याबद्दल तिला ३,३०,००० येन भरपाई देवविली. त्यानंतर विचाराला चालना मिळाली. २०२२ च्या एप्रिलपासून तोक्योच्या महानगरी उच्च माध्यमिक शाळांनीं केस काळे करण्याच्या सक्तीसारखे कांहीं नियम काढून टाकले. पण नियम कागदावरून जातो तितक्या लवकर मनांतून जात नाहीं. शाळेला जाणेंच नाकारणाऱ्या मुलांची गणना तेथील सरकार दरवर्षीं करतें; २०२३ च्या शालेय वर्षांत प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील अशा मुलांची संख्या ३,४०,००० च्या वर गेली होती. या साऱ्यांचें कारण एकच असेल असें नव्हे. तथापि एवढीं मुलें ज्या दारांतून आंत जाण्यास कचरतात, त्या दाराच्या आंत सर्व कांहीं ठीक आहे असें कोणी म्हणूं नये.

आमच्या वर्गांत ही गोष्ट संख्येच्या रूपानें आली नाहीं. एका रिकाम्या खुर्चीच्या रूपानें आली. वर्गाच्या भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचें एक पुठ्ठ्याचें चक्र लाविलेलें असे. कडेला कामें लिहिलेलीं, मधल्या फिरत्या तबकडीवर मुलांचीं नांवें. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा सुरू झाली तेव्हां खिडकीजवळ बसणारा एक मुलगा आला नाहीं, आणि पुढेंहि आला नाहीं. चक्र फिरत राहिलें. त्याच्या नांवासमोर कधीं जिना येई, कधीं फळा येई, आणि त्याच्या तुकडींतील मुलें एक अक्षरहि न बोलतां त्याच्या वांट्याचें काम करून टाकीत. त्याच्या मेजावरची धूळसुद्धां रोज पुसली जाई. यांत सौजन्य नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. आपल्याकडे त्याच्या नांवानें कुरकूर झाली असती. पण तो कां येत नाहीं, हें त्या वर्गांत आमच्या कानांवर पडेल इतक्या मोठ्यानें कोणीहि विचारलें नाहीं. तेथें एक शब्दप्रयोग फार प्रचारांत आहे: हवा वाचणें. चार माणसांत कोणती गोष्ट बोलावयाची नाहीं हें न सांगतां ओळखणें, असा त्याचा अर्थ. हवा वाचणें हा मोठा गुण आहे. त्यामुळें पुष्कळांचीं मनें दुखावण्याचीं वांचतात. परंतु ज्या वर्गांत सर्वच हवा वाचतात, तेथें गुदमरणाऱ्याची हांक कोण देणार? त्या मेजावरची धूळ पुसली जात होती. त्या मुलाविषयींचा प्रश्न तेवढा तसाच पडून होता.

येथें सवयीच्या दोन जाति स्पष्ट होतात, आणि आमच्या मतें साऱ्या वादाचा उलगडा त्यांच्या भेदांत आहे. कांहीं सवयी अशा असतात कीं त्यांच्या योगानें आपलें ओझें दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरतें. आपलें ताट आपण उचलणें, आपला केर आपण काढणें, दिलेली वेळ पाळणें, या त्या जातीच्या. दुसऱ्या कांहीं सवयी अशा असतात कीं त्यांच्या योगानें विचाराचें ओझें आपल्या डोक्यावरून उतरतें. सर्व वांकले म्हणून वांकणें, सर्व गप्प म्हणून गप्प राहणें, केसांचा रंग नियमांत नाहीं म्हणून मूलच नियमाबाहेर आहे असें मानणें, या त्या जातीच्या. दोहोंनाहि आपण शिस्त या एकाच नांवानें हांक मारतों. त्यामुळें शिस्तीचे भक्त दुसरीचें समर्थन पहिलीच्या पुण्याईवर करतात, आणि स्वातंत्र्याचे भक्त पहिलीची टवाळी दुसरीच्या पापावर करतात. मुलाला पहिली सवय जितक्या लहानपणीं लागेल तितकी बरी. ती लावण्यास त्याची संमति घेत बसण्याचें कारण नाहीं, जसें हात धुण्यास आई त्याची संमति घेत नाहीं. सक्तीनें केलेल्या सत्कृत्याला नैतिक मोल काय, असा कांटचा अनुयायी प्रश्न करील. त्याला एवढेंच उत्तर कीं, मोल आज नसेल. पण पुढें स्वेच्छेनें तेंच करावयाचें ठरविलें तर तें करण्यास लागणारा हात मात्र आजच तयार होत असतो. दुसऱ्या सवयीची गोष्ट वेगळी. ती लावणें म्हणजे पुढें स्वेच्छा म्हणून जें उरावयाचें त्यालाच लहानपणीं कात्री लावणें होय.

आतां आपल्या घराकडे पाहूं. केरसुणी शाळेंत आणावी असें म्हणणें सोपें आहे. परंतु आपल्या देशांत केरसुणी ही नुसती केरसुणी नाहीं. ती कोणाच्या हातांत असावी हें येथें शेंकडों वर्षें जन्मानें ठरविलें. दुसऱ्याची घाण उचलण्यासाठींच कांहीं माणसें जन्मतात, असें धर्माच्या नांवानें सांगितलें गेलें, आणि हातानें मैला उचलविण्यास बंदी करणारा कायदा १९९३ सालीं करून भागेना म्हणून २०१३ सालीं दुसरा करावा लागला. शाळेंतील शौचकूप धुण्यास नेमकीं दलित मुलेंच पाठविल्याच्या बातम्या निरनिराळ्या प्रांतांतून अजूनहि वाचाव्या लागतात. ज्या मुलाच्या आजीनें जन्मभर नाइलाजानें केरसुणी धरली, त्या मुलाला केरसुणीचें पावित्र्य सांगणें हा क्रूरपणा आहे. सफाईच्या कामाचा गांधीजींनीं जो गौरव केला, त्यावर डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत कडक टीका केली ती याच कारणास्तव. ज्याच्या गळ्यांत बेडी आहे, त्याच्यापुढें बेडीच्या धातूची स्तुति करूं नये. म्हणून आपल्याकडे ही चाल आणावयाची तर एक अट पहिल्यानें घातली पाहिजे: चक्रावर प्रत्येकाचें नांव हवें, आणि ज्यांच्या घरांत आजवर कोणी केरसुणी धरली नाहीं त्यांच्यापासून, किंबहुना मुख्याध्यापकांपासून, तें फिरूं लागलें पाहिजे. एकहि नांव गाळलें तर तो धडा उलटा होईल.

केवळ चक्रानेंहि सर्व साधेल असें नाहीं. जपानांतहि अस्पृश्यांसारखा लेखला गेलेला एक वर्ग होता. १८७१ सालच्या फर्मानानें त्याची हीन पदवी रद्द झाली. तरी १९२२ सालीं त्या समाजाला क्योतो येथें सुइहेइशा ही आपली संघटना उभारावी लागली, आणि लग्नाच्या वेळीं कुळाची चौकशी करणाऱ्यांचा उपद्रव त्यानंतरहि कित्येक दशकें चालू राहिला. सर्व मुलांनीं मिळून भुई पुसली म्हणून ही खोड गेली नाहीं. मनांतील केर निराळा असतो, आणि तो काढण्यास प्रश्न विचारावा लागतो.

सुदैवानें ही दुहेरी शिकवण आपणांस परक्यांकडून उसनी घ्यावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका ठिकाणीं ठेविलीं. मुलांनीं शेतांत खपावें, आपला स्वयंपाक आपण करावा, एका पंक्तीला बसावें, असा तेथील शिरस्ता होता. तेथें श्रमाबरोबर जातीच्या भिंतीलाहि रोज धक्का बसत होता. म्हणून तो श्रम नुसता आज्ञापालन राहिला नाहीं. आणि गाडगेबाबांचें उदाहरण तर या विषयावर शेवटचा शब्द ठरावें असें आहे. दिवसा ते हातांत खराटा घेऊन गांव झाडीत. रात्रीं त्याच गांवांत कीर्तनाला उभे राहून लोकांना प्रश्न विचारीत. देव कोठें आहे, बोकड कां कापतां, मुलाला शाळेंत कां घालीत नाहीं, कर्ज काढून सण कां करतां. उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. दिवसाचा खराटा आणि रात्रीचा प्रश्न यांची त्यांनीं कधीं फारकत केली नाहीं. नुसता खराटा घेऊन ते थांबते तर गांव दोन दिवस स्वच्छ राहतें. नुसते प्रश्न विचारते तर लोक त्यांना आणखी एक पंडित समजून घरीं जाते. त्झू-श्या आणि त्झू-यू यांचा वाद त्या एका पुरुषाच्या दिनक्रमांत मिटलेला दिसतो.

जपानपासून महाराष्ट्रानें पूर्वींहि कांहीं घेतलें आहे. तोक्यो येथील महिला विद्यापीठाची हकीकत सांगणारी एक पुस्तिका महर्षि कर्व्यांच्या वाचनांत आली, आणि १९१६ सालीं पुण्यास स्त्रियांचें विद्यापीठ निघालें. पण त्यांनीं नक्कल केली नाहीं. येथील विधवांचा व मुलींचा प्रश्न समोर ठेवून, मातृभाषेंतून शिक्षण देणारी संस्था उभी केली. घेणें म्हणावें तें याला. पुण्यांतच सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर एक सुंदर बाग आहे, आणि सुटीच्या दिवशीं तेथें मध्यमवर्गीय कुटुंबांची दाटी असते. बाग आणणें अवघड नव्हतें. त्या बागेंत कागद न टाकणारा मुलगा मात्र जहाजानें मागवितां येत नाहीं. तो घरांत घडवावा लागतो.

आणि घराशींच हा प्रश्न येऊन थांबतो, कारण हा लेख ज्यांच्या हातीं पडेल त्यांच्या घरीं बहुधा भांडीं घासावयास व केर काढावयास एक बाई येत असेल. तिला कामावरून काढावें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें तिची चूल बंद होईल. पण तिच्या देखत आपला दहा वर्षांचा मुलगा जेवून उठतो तेव्हां उष्टें ताट तेथेंच राहतें कीं मोरीपर्यंत जातें, एवढें पाहावें. मुलाला शाळेंत फडकें धरावयास लाविलें तर आपण मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जाऊं, कीं त्या तुकडींत वरच्या माळ्यावर राहणाऱ्या साहेबांचाहि मुलगा आहे ना, अशी चौकशी करूं, हेंहि मनाशीं पाहावें. आणि हाच मुलगा एखाद्या सायंकाळीं येऊन म्हणाला, "आमच्या वर्गांतला अमुक चार दिवस आला नाहीं, त्याचें काय झालें तें गुरुजींना विचारूं का?" तर त्याला, "तुला काय करावयाचें आहे, तूं आपला अभ्यास कर," असें उत्तर आपल्या तोंडून जातें काय, हेंहि पाहावें. पहिल्या दोन गोष्टी जपान आपल्याहून चांगल्या जाणतो. तिसरी त्यालाहि अजून शिकावयाची आहे, आणि आपणांसहि.